अस्वलांच्या मुलुखात तंबू टाकताना खाणं कसं सांभाळायचं: सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या माळावर अस्वल नाही. नान्नजला काळवीट दिसेल, नशीब असेल तर लांडगा दिसेल. त्यामुळं आपल्याकडच्या भटक्या मंडळींना एक सवय लागली आहे: रात्री खाण्याची पिशवी उशाशी घ्यायची. कुत्रं ओढून नेऊ नये, मुंग्या लागू नयेत, एवढाच हिशोब. हीच सवय घेऊन लोक हंपी-आनेगुंदीच्या दगडी टेकड्यांत मुक्कामाला जातात, कुल्लूकडच्या जंगलात ट्रेकला जातात, मुलाकडं अमेरिकेला गेले की योसेमिटीत तंबू ठोकतात. या तिन्ही ठिकाणी अस्वल आहे. तिथं उशाशी शेंगा चटणी ठेवणं म्हणजे अस्वलाला तंबूत बोलावणं.

चूक बहुतेक वेळा मुक्कामावर होत नाही, ती घरात सामान भरतानाच होऊन गेलेली असते. मुक्कामावर पोचल्यावर डबा लहान पडतो, दोरी आखूड पडते, अंधार पडतो आणि मग "आजची रात्र राहू दे तंबूतच" असं होतं. म्हणून खालच्या टप्प्यांतले निम्मे टप्पे सोलापुरातच उरकायचे आहेत. क्रम बदलू नका.

## 1. कुठं चाललोय, तिथलं अस्वल कोणतं, नियम काय

आपल्या वाटेवर साधारण चार प्रकारची अस्वलं येतात.

दक्षिणेतल्या आणि विदर्भातल्या जंगलातलं काळं, केसाळ, छातीवर पांढुरका पट्टा असलेलं आपलं देशी अस्वल. बुलढाण्याचं ज्ञानगंगा, मेळघाट, कर्नाटकातली बळ्ळारी-कोप्पळकडची खडकाळ टेकाडं हा त्याचा मुलूख. हंपीजवळचं दरोजी अभयारण्य तर अस्वलांसाठीच आहे. होटगी-गदग मार्गानं होस्पेटला जाणाऱ्या सोलापूरकराला ते काही फार लांब नाही. हे अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं, मोहाची फुलं खातं. दरोजीत पर्यटकांना अस्वलं दिसावीत म्हणून खडकांना गूळ फासतात, यावरून त्याला गोडाची ओढ किती ते समजा. त्याची नजर बेताची असते, नाक मात्र जबर. मुरमासारखं कडक वारूळ उकरणाऱ्या नखांपुढं प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा किती टिकणार, हा विचार प्रत्येकानं करावा.

हिमालयात जंगलपट्ट्यात काळं अस्वल आणि झाडांची रेषा संपल्यावर वरच्या कुरणांत तपकिरी अस्वल. कुल्लूच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात दोन्ही आहेत. थंडीच्या आधी, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास, ही अस्वलं अंगावर चरबी चढवायला दिवसरात्र खात सुटतात. आपली दिवाळीच्या सुट्टीतली सहल नेमकी याच काळात पडते.

अमेरिकेत काळं अस्वल बऱ्याच जंगलांत, आणि यलोस्टोनसारख्या भागात ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलाचाच तिकडचा प्रकार.

नियम जागेगणिक वेगळे आहेत, म्हणून निघण्याआधी त्या त्या वनखात्याचं किंवा उद्यानाचं ताजं नियमपत्रक वाचा. आपल्या व्याघ्रप्रकल्पांत आणि अभयारण्यांत स्वतःच्या मनानं तंबू ठोकता येत नाही, वनखात्यानं ठरवलेल्या जागीच राहावं लागतं. योसेमिटीच्या आतल्या रानात पायी मुक्कामाला जाताना अस्वलाला न उघडणारा कडक डबा, ज्याला तिकडं बेअर कॅनिस्टर म्हणतात, तो सक्तीचा आहे. गाडी नेण्याजोग्या कॅम्पग्राउंडवर लोखंडी लॉकर असतात. तिथं खाणं फक्त दिवसाउजेडी गाडीत ठेवता येतं, तेही काचा पूर्ण बंद करून आणि नजरेआड. अंधार पडल्यावर गाडीत खाणं सापडलं तर 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होऊ शकते. हे कठोर वाटेल, पण तिथली अस्वलं गाडीचं दार चौकटीपासून वाकवून उघडतात.

इशारा: अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, आणि योसेमिटीत तर तो बाळगायलाच बंदी आहे. नियम वाचल्याशिवाय विकत घेऊ नका.

## 2. वासाचा माल वेगळा काढा

अंथरुणावर एक जुनी चादर पसरा आणि बॅगेतलं सगळं तिच्यावर ओता. आता प्रत्येक वस्तू नाकाला लावा. जिला वास आहे ती डाव्या बाजूला. ती खाण्याची आहे की नाही, हा प्रश्नच विचारायचा नाही.

खाणं सगळेच बाजूला काढतात. राहून जातं ते हे:

- टूथपेस्ट, मंजन, मिश्री, साबण, शांपू
- खोबरेल तेल, ओठांना लावायचं मलम, डास पळवायचं क्रीम, उन्हाचं क्रीम
- खोकल्याचं औषध, चघळायच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं
- तंबाखू, सुपारी, बडीशेप
- उदबत्ती, कापूर, अत्तर
- लहान मुलांचं दूध पावडर, ओले वाइप्स, वापरलेले डायपर
- रिकामी वेष्टनं आणि कचऱ्याची पिशवी
- रॉकेल किंवा पेट्रोलचा कॅन. अशा कॅनला अस्वलं तोंड घालतात
- निघताना आईनं बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला प्रसादाचा पेढा

शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली. तो कप्पा कुणीच तपासत नाही, आणि ती बॅग रात्री तंबूत उशाखाली जाते.

या डाव्या ढिगाला आमच्या गटात "वासाचा माल" म्हणतात आणि प्रत्येकाला तो एकाच रंगाच्या पिशवीत भरायला लावतात. रंग एक असला की रात्री टॉर्चच्या उजेडात कुणाची पिशवी राहिली ते लगेच कळतं.

तपासणी: उजव्या ढिगातल्या बॅगेचे सगळे कप्पे, पँटचे खिसे, जॅकेटचे आतले खिसे पुन्हा चाचपा. मागच्या सहलीतली चिक्की बहुतेक वेळा तिथंच सापडते.

## 3. सोलापुरी शिदोरी डब्यात बसवा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

बेअर कॅनिस्टर हा गोल, जाड पॉलिकार्बोनेटचा डबा. बऱ्याच ठिकाणी दिसणारा बेअरव्हॉल्ट कंपनीचा बीव्ही500 साधारण 11.5 लिटरचा आहे, रिकामा असताना वजन सुमारे 1.16 किलो. नीट भरला तर एका माणसाचं पाचेक दिवसांचं खाणं त्यात मावतं. वाईट भरला तर दोन दिवसांचंही मावत नाही. वजनापेक्षा इथं जागा महत्त्वाची.

कडक भाकरी. आपली हुकमी शिदोरी. आठवडेच्या आठवडे टिकते, वजनाला हलकी. पण ताटाएवढी कडक भाकरी त्या डब्याच्या तोंडातून आत जात नाही, आणि अख्खी रचली तर प्रत्येक दोन भाकऱ्यांमध्ये हवाच राहते. म्हणून घरीच मोडायची. नुसती हातानं मोडली तर टोकदार तुकडे पिशवी फाडतात आणि चुरा सांडतो. स्वच्छ पंच्यात गुंडाळून लाटण्यानं हलके दाबा, चार बोटांएवढे तुकडे करा, आणि एका वेळचं एक असं जाड पिशवीत भरून हवा काढा. खाली राहिलेला चुरा टाकू नका, वेगळ्या पिशवीत घ्या. गरम आमटीत तो सगळ्यात आधी संपतो.

शेंगा चटणी. चांगल्या शेंगा चटणीला तेल सुटतं, तीच तिची खूण. प्रवासात तेच तेल नडतं. मे महिन्यात सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीला पोचेपर्यंत डब्यात पारा चढलेला असतो, आणि पातळ पिशवीच्या शिवणीपाशी, अगदी कोपऱ्यात, तेलाचा एक लालसर थेंब येऊन थांबतो. तो थेंब कापडाला लागला की बॅग धुवूनही वास जात नाही. नुसतं कापड हुंगून अस्वल बॅग फाडू शकतं. त्यामुळं चटणी कांडताना थोडी भरड आणि कोरडी ठेवा, दाणे पीठ होईपर्यंत कुटू नका. मग एका जेवणापुरती, म्हणजे माणशी दोन चमचे, अशा छोट्या पुड्या करा. प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत, आणि सगळ्या पुड्या मिळून एका घट्ट झाकणाच्या बरणीत. बरणी कागदात गुंडाळा. कागदावर डाग दिसला की गळती कळते. लसणाची चटणी कितीही आवडली तरी तिचा वास दुप्पट. तिला घरी ठेवा.

शेंगा पोळी, धपाटे. शेंगा पोळी म्हणजे गूळ आणि दाणे, अस्वलाच्या दृष्टीनं मेजवानीच. न्यायची असेल तर पहिल्याच दिवशी, रस्त्यात संपवायची. धपाटे तेलकट असतात आणि उन्हात दोन दिवसांत उतरतात, तेही रस्त्याचंच खाणं.

काय न्यावं: भाजलेल्या ज्वारीचं आणि डाळींचं पीठ, तांदूळ, मूगडाळ, सुका मसाला, भाजलेले पोहे, दूध पावडर, गुळाऐवजी साखर. शिजवायला कमी वेळ लागेल असं न्या, कारण फोडणी जितका वेळ तडतडते तितका वेळ वास पसरत राहतो. तेल लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत.

भरायचा क्रमही ठरलेला आहे. शेवटच्या दिवसाचं तळाशी, पहिल्या दिवसाचं वर. पिठाच्या आणि चुऱ्याच्या मऊ पिशव्या मोकळ्या जागांत कोंबा. वर चार बोटं जागा मंजन, साबण आणि कचऱ्यासाठी रिकामी ठेवा. पहिल्या रात्रीचं जेवण डब्याबाहेर चालतं, कारण ते निजण्याआधी पोटात जाणार असतं. मंजन डब्याबाहेर चालत नाही.

इशारा: पाकीटबंद पिशव्यांनी वास कमी होतो, थांबत नाही. "तीन पिशव्यांत आहे, तंबूत चालेल" हे चूक.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी: तिथल्या विमानतळावर सगळं खाणं जाहीर करा. मांसाचे पदार्थ नेऊ नका.

## 4. साधन निवडा

निवडीचा क्रम असा ठेवा: कायम बसवलेला लोखंडी लॉकर किंवा पक्की बंद खोली, ते नसेल तर बेअर कॅनिस्टर, तेही नसेल तर झाडाला टांगणं.

कॅनिस्टर भारतात सहज मिळत नाही. अमेरिकेत विकत घेण्याची गरज नाही, योसेमिटीच्या वाइल्डरनेस सेंटरवर भाड्यानं मिळतो. कापडी अस्वलरोधक पिशव्याही मिळतात, पण योसेमिटीत त्या चालत नाहीत. झाकण फिरवताना खटक्यांच्या पुढं नीट बसलं की नाही ते दर वेळी बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत "यलो-यलो" म्हणून ओळखली जाणारी एक अस्वलीण बेअरव्हॉल्टचं झाकण उघडायला शिकली होती. बंद करायला आळस केलेलं झाकण उघडायला तेवढ्या हुशारीचीही गरज नसते.

हिमालयात ट्रेक कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा: रात्री शिधा कुठं राहतो? स्वयंपाकाचा तंबू निजायच्या तंबूंपासून किती लांब? खेचरांचा चणा-गूळ कुठं ठेवता? उरलेलं अन्न कुठं टाकता? "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर दुसरीकडं बघा. बऱ्याच ठिकाणी आचारी आणि मदतनीस शिध्याच्या पोत्यांशेजारीच झोपतात. त्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो, आणि त्यांना वेगळा तंबू द्या असं ग्राहकानंच म्हटल्याशिवाय बहुतेक वेळा तो मिळत नाही. म्हणा.

झाडाची रेषा संपल्यावर टांगायला काहीच नसतं. तिथं एकतर कॅनिस्टर, नाहीतर गावातल्या घरात किंवा वनखात्याच्या कोठीत कुलपात ठेवलेली पत्र्याची पेटी. उघड्यावर ठेवलेला स्टीलचा डबा यात मोडत नाही. चिमटीचं झाकण अस्वल एका तडाख्यात उडवतं.

दोरी लागणारच असेल तर 6 मिलिमीटर जाडीची नायलॉनची, निदान 20 मीटर. सुती दोरी पावसात आखडते आणि फांदीला चिकटून बसते.

## 5. सोलापुरातच तालीम करा

निघण्याच्या आधीच्या रविवारी कुणाच्या तरी शेतात जा. उंच चिंच किंवा कडुनिंब बघा.

1. जमिनीपासून पाच-सहा मीटर उंच, निरोगी आणि आडवी गेलेली फांदी निवडा. मुठीएवढी जाड पुरे. फार जाड फांदीवरून अस्वल चालत येतं.
2. एका मोज्यात लिंबाएवढा दगड घाला, मोजा दोरीच्या टोकाला बांधा. सगळ्यांना मागं उभं करा आणि फेका. दगड परत डोक्यावर येतो, हे विसरू नका.
3. दोरी खोडापासून लांब, फांदीच्या शेंड्याकडं सरकवा.
4. पूर्ण भरलेली पिशवी बांधून वर ओढा. रिकाम्या पिशवीनं तालीम केली तर फांदी किती वाकते ते कळत नाही.
5. दोरीचं दुसरं टोक शेजारच्या झाडाला बांधा.

यलोस्टोनचा नियम किमान 10 फूट उंच आणि खोडापासून किमान 4 फूट लांब असा आहे. मला हे कमीत कमीच वाटतं. 12 ते 15 फूट उंच आणि 6 फूट लांब धरा. आपलं देशी अस्वल आणि हिमालयातलं काळं अस्वल दोन्ही झाडावर सराईतपणे चढतात. तशी फांदी मिळाली नाही तर दोन झाडांमध्ये आडवी दोरी बांधून तिच्या मधोमध पिशवी टांगा. काम जास्त आहे, पण खोडावरून हात पोचत नाही.

तपासणी: हे सगळं पहिल्यांदा उजेडात, दुसऱ्यांदा डोक्याला टॉर्च लावून अंधारात करा. पंधरा मिनिटांच्या आत जमलं नाही तर अजून सराव हवा. पिशवी तशीच टांगून तिथंच मुक्काम करा. सकाळी पिशवीला मुंग्या लागलेल्या दिसल्या किंवा खाली कुत्र्यांनी उकरलेलं दिसलं, तर कुठली तरी पुडी गळतेय. ती शोधून काढा.

## 6. मुक्कामावर तीन जागा आधी ठरवा, तंबू नंतर

पोचल्याबरोबर तंबूच्या काठ्या काढू नका. आधी आजूबाजूला फिरा. विष्ठा, उकरलेली वारुळं, खोडावर नखांचे ओरखडे, उलथवलेले दगड, आधीच्या लोकांचा कचरा यातलं काही दिसलं तर जागा बदला. बोरी, जांभळी, मोहाची झाडं फळलेली असतील किंवा मोहाची फुलं पडत असतील तर तिथं थांबू नका. पाणवठ्याला खेटूनही नको. हंपीकडच्या टेकड्यांत दगडांच्या कपारीच्या तोंडाशी तंबू टाकणं फारच वाईट, कारण अस्वलं दिवसा अशाच कपारीत झोपतात.

मग तीन जागा ठरवा: निजायची, स्वयंपाकाची, खाणं ठेवायची. त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. वारा निजायच्या जागेकडून चुलीकडं वाहायला हवा, म्हणजे फोडणीचा वास तंबूंवरून जाणार नाही. यलोस्टोनमध्ये चूल आणि साठा तंबूपासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर लांब ठेवायला सांगतात. आपल्या चालीनं साधारण सव्वाशे पावलं. पावलं मोजाच, कारण दमल्यावर पन्नास पावलंही पुष्कळ वाटतात.

डोंगर-उतारावर संध्याकाळनंतर वारा वरून खाली उलटतो. दुपारचा वारा बघून चूल मांडली तर रात्री वास थेट तंबूत येतो. जेवणाच्या वेळेचा वारा कसा असतो ते स्थानिक वाटाड्याला विचारा.

इशारा: तिन्ही जागा ठरल्याशिवाय खाण्याची एकही पिशवी उघडू नका. चहासाठीसुद्धा नाही.

## 7. शिजवा, जेवा, आवरा: दिवस मावळायच्या आत

स्वयंपाकासाठी एक जोडी कपडे वेगळे ठेवा. फोडणी त्यांच्यावर बसते, आणि ते कपडे रात्री वासाच्या मालाबरोबर जातात. अंगावर तोच शर्ट घालून झोपलात तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली.

जेवताना कडक भाकरीकडं लक्ष द्या. तुकडा मोडला की बारीक कण चहूकडं उडतात, मांडीवर पडतात, उठताना गवतात सांडतात. अंधारात ते दिसत नाहीत. म्हणून सगळ्यांनी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या कापडावर बसून जेवायचं, जेवण झाल्यावर चारी कोपरे उचलून कण मध्ये गोळा करायचे आणि कचऱ्याच्या पिशवीत. गवतावर झटकायचं नाही.

मोजून शिजवा. पानात उरणं इथं परवडत नाही. पातेल्याला चिकटलेलं गरम पाणी घालून खरवडा आणि पिऊन टाका, ट्रेकवर ही रीतच आहे. भांडी घासलेलं पाणी फडक्यातून गाळा. फडक्यातला गाळ कचऱ्यात जाईल, पाणी तंबूपासून आणि झऱ्यापासून लांब पसरून टाका.

खरकटं पुरू नका. वारूळ उकरणाऱ्या प्राण्यापुढं वीतभर माती म्हणजे काहीच नाही. जाळूही नका, अर्धवट जळलेल्या भाताचा आणि तेलाचा वास जास्त लांब जातो. आणि "मुक्या जनावराला घास" म्हणून भाकरी काढून ठेवायची आपली रीत इथं सोडा. माणसाच्या जागी खाणं मिळतं हे एकदा कळलेलं अस्वल परत येतं, माणसाला भीत नाही, आणि शेवटी त्याला पकडावं किंवा मारावं लागतं. त्याआधी ते कुणाला तरी फाडतं. बहुतेक वेळा सरपणाला नाहीतर मोहफुलांना गेलेल्या गावकऱ्याला.

डांबराच्या गोळ्या, फिनेल, तिखट, रॉकेल तंबूभोवती टाकू नका. यानं अस्वल लांब राहत नाही. नवा वास बघायला ते जवळच येण्याची शक्यता जास्त.

## 8. निजण्याआधीचा क्रम

एका माणसावर ही जबाबदारी नावानं द्या. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही.

1. चुलीच्या जागीच सगळ्यांनी दात घासावेत, चूळ एका जागी टाकावी.
2. स्वयंपाकाचे कपडे बदलावेत.
3. एकाच रंगाच्या सगळ्या पिशव्या गोळा करून मोजाव्यात. माणसं जितकी, पिशव्या तितक्या.
4. कचरा, गाळायचं फडकं, जेवायचं कापड, औषधाच्या बाटल्या आत. रात्री लागणारं औषध असेल तर फक्त बिनवासाच्या गोळ्या जवळ ठेवा.
5. डबा बंद करून, किंवा पिशवी टांगून, दुसऱ्या माणसाकडून ओढून तपासून घ्यावी.
6. त्यानंतरच तंबूची चेन उघडायची.

कॅनिस्टर सपाट जमिनीवर ठेवा. कड्यापाशी किंवा नाल्याकाठी ठेवला तर अस्वल लोळवत नेतं आणि तुमचं खाणं दरीत जातं. त्याला दोरी बांधू नका, कारण दोरीला धरून ते ओढून नेतं. झाडाला टांगूही नका.

अमेरिकेत गाडीनं गेला असाल तर गाडीही तपासा: सीटखालची बिस्किटं, डॅशबोर्डमधलं च्युइंगम, डिकीतली तांदळाची पिशवी. लहान मुलाची गाडीतली खुर्चीसुद्धा बाहेर काढायला सांगतात, कारण सांडलेल्या दुधाचा वास तिच्या कापडात मुरलेला असतो. लॉकरचं दार बंद झाल्यावर कडी बसली का ते ओढून बघा, दिवसासुद्धा उघडं ठेवू नका.

तपासणी: रात्री गोड खायची सवय असलेला, मधुमेहामुळं जवळ साखर लागणारा, तान्हं मूल असलेला असा कुणी गटात आहे का? त्यांची सोय आधीच ठरवा. मधुमेही माणसाकडं बंद पाकिटातली ग्लुकोजची गोळी लागेलच, ती काढून घेऊ नका. पाकीट उघडलं तर उरलेलं लगेच साठ्याकडं न्या, एकट्यानं नाही, दोघांनी आणि बोलत बोलत.

## 9. अस्वल आलंच तर

दुरून दिसलं तर सगळे एकत्र या, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा, त्याच्याकडं तोंड करून हळूहळू मागं सरका. पळू नका. झाडावर चढू नका. पिल्लू दिसलं तर आई जवळच असते, त्या बाजूला पाऊलही टाकू नका. फोटोसाठी जवळ जाणाऱ्याला दंडाला धरून मागं ओढा.

ते खाण्यापर्यंत पोचलं असेल तर खाणं त्याचं. पिशवी सोडवायला जाऊ नका. देशी अस्वल अगदी जवळ अचानक समोर आलं तर घाबरून अंगावर येतं, आणि त्याच्या हल्ल्यात चेहरा आणि डोकं सगळ्यात जास्त जखमी होतं. हे देशी अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडा, बोटं मानेमागं गुंफा, चेहरा जमिनीकडं ठेवा, पाठीवरची बॅग काढू नका. ते गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

ते गेल्यावर त्याच रात्री, जमेल तसं, सगळ्यांनी गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावं. एकदा खाणं मिळालेल्या जागी ते परत येऊ शकतं. उजाडल्यावर फाटलेल्या पिशव्यांचे तुकडे, सांडलेलं पीठ, फुटलेली बरणी शक्य तेवढं वेचून बरोबर घ्या आणि वनरक्षकाला कळवा: जागा, वेळ, काय खाल्लं, कसं उघडलं. आपली चूक झाली म्हणून दंडाच्या भीतीनं हे लपवू नका, कारण दुसऱ्या संध्याकाळी त्याच जागी दुसरं कुटुंब तंबू ठोकणार असतं.